मुलाची पापणी जन्मापासून पडलेली आहे: ऑपरेशन आत्ता करावं की थांबावं?

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जन्मापासून त्याची उजवी पापणी अर्धी खाली असते. नाशिकला दोन ठिकाणी दाखवलं. एक डॉक्टर म्हणाले लगेच ऑपरेशन करून टाका, दुसरे म्हणाले पाच वर्षांचा झाला की या. कागदावर ‘एमआरडी १, लिव्हेटर ४’ असं लिहिलंय, त्याचा अर्थ कळला नाही. चष्म्याचा नंबर अजून कुणी तपासलेला नाही. सासूबाई म्हणतात मोठा झाला की आपोआप उघडेल, आणि ग्रहणात मी भाजी चिरली म्हणून असं झालं. एवढ्याशा लेकराला भूल द्यायची भीती वाटते. काय करू?
– निफाड तालुक्यातली एक आई

उत्तर :

ताई, आधी ते ग्रहणाचं मनातून काढून टाका. वरची पापणी उचलणारा एक स्नायू असतो, त्याला लिव्हेटर म्हणतात. डोळ्याच्या खोबणीत पार मागून तो निघतो आणि पुढे येऊन पापणीत पसरतो. बाळ पोटात घडत असताना हा स्नायू नीट घडला नाही, तर पापणी जन्मापासून पडलेली राहते. ऑपरेशनच्या टेबलावर हा स्नायू मी रोज बघते. चांगला असेल तर लालसर दिसतो, ताणला की परत आखडतो. या मुलांचा बऱ्याचदा फिकट, पिवळसर असतो, मध्येमध्ये चरबी आणि तंतू शिरलेले असतात. विळीवर चिरलेल्या भाजीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. बावीस वर्षांत माझ्यासमोर बसून याच कारणावरून कितीतरी आया रडल्या आहेत. शक्य असेल तेव्हा मी सासूबाईंना आत बोलावून हे त्यांच्यासमोरच सांगते. तुम्हीही पुढच्या वेळी त्यांना बरोबर घेऊन जा.

मोठा झाला की उघडेल हेही खरं नाही. जो स्नायू घडलाच नाही तो वय वाढलं म्हणून घडत नाही. तूप चोळून नाही, मसाज करून नाही. आणि काजळ तर घालूच नका. मग घरच्यांना ‘आता जरा बरं वाटतंय’ असं का वाटतं? कारण मूल स्वतःच युक्ती शोधतं. भुवई वर ताणतं, हनुवटी उचलून, मान मागे टाकून पापणीच्या खालून बघतं. फोटो काढताना आपण ‘मान खाली कर’ म्हणतो आणि ते काही केल्या करत नाही. आईवडिलांना ही सवय खटकते, पण मला ती दिसली की हायसं वाटतं. मान वर करणारं मूल तो डोळा वापरतंय, त्या डोळ्याने बघायची धडपड करतंय. एकाच डोळ्याची पापणी पडलेली आहे आणि मूल मानही उचलत नाही, भुवईही ताणत नाही, सरळ बघत आरामात खेळतंय, अशा वेळी मला काळजी वाटते. त्याने तो डोळा बाजूला ठेवून दुसऱ्या डोळ्यावर काम भागवलेलं असू शकतं. तुमचा मुलगा यातलं काय करतो ते आज घरी नीट बघा. तुमच्या पत्रात ते नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच विचारायचं होतं.

आता दोन डॉक्टरांचं. मला वाटतं दोघांनीही आपापल्या जागी बरोबर सांगितलं असेल, पण मधला एक धागा राहून गेला. जन्मतः पडलेल्या पापणीत ऑपरेशनचं वय ठरवणारी पहिली गोष्ट म्हणजे त्या डोळ्याची नजर. मूल जन्मतं तेव्हा त्याला पूर्ण दिसत नसतं. डोळ्याने मेंदूला स्वच्छ चित्र पाठवत राहायचं आणि मेंदूने ते वाचायला शिकायचं, असं हे शिक्षण साधारण सात-आठ वर्षांपर्यंत चालतं, त्यातही पहिली दोन-तीन वर्षं फार मोलाची. या काळात चित्र पोचलंच नाही किंवा धूसर पोचलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देणं सोडतो. यालाच आपण आळशी डोळा म्हणतो. पुढे पापणी कितीही सुंदर उचलली तरी ती नजर आपोआप येत नाही.

आणि पापणी नजर दोन वाटांनी बिघडवते. एक वाट सगळ्यांना कळते: बाहुलीच झाकली तर उजेड आत जाणार नाही. दुसरी वाट बऱ्याच जणांना माहीत नसते. पडलेली पापणी बुबुळावर दाबून बसते, त्याची गोलाई बदलते आणि त्या डोळ्याला तिरका नंबर येतो, ज्याला सिलिंड्रिकल नंबर म्हणतात. बाहुली अर्धी उघडी दिसते म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि आत चित्र पुसट पडत असतं. काहींना जोडीला तिरळेपणाही असतो. म्हणून ‘चष्म्याचा नंबर कुणी तपासलेला नाही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला ऑपरेशनच्या प्रश्नापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं.

यामागे माझी स्वतःची एक चूक आहे, ती सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत पेठ तालुक्यातून एक वडील दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आले. पापणी मध्यम पडलेली, बाहुली बरीचशी उघडी. मी म्हटलं, घाई नाही, पाच वर्षांचा झाला की या. ते बरोबर पाच वर्षांचा झाल्यावर आले, एक महिना इकडेतिकडे नाही. माझ्या शब्दावर इतका भरवसा ठेवला होता त्यांनी. ऑपरेशन छान झालं. पण त्या डोळ्यात मोठा सिलिंड्रिकल नंबर होता, आणि चष्मा लावूनही मुलाला तक्त्यावरच्या वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. पुढे दोन वर्षं चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आम्ही आणखी तीन ओळी कमावल्या, पूर्ण नजर नाही मिळाली. ‘पाच वर्षांचा झाल्यावर ऑपरेशन’ हे माझं म्हणणं ठीक होतं. ‘तोवर दर चार महिन्यांनी नजर तपासायला या’ हे मी म्हणालेच नव्हते. तेव्हापासून कागदावर आधी पुढच्या तपासणीची तारीख लिहिते, ऑपरेशनचं खाली.

तुमच्या कागदावरचे आकडे असे वाचायचे. डोळ्यासमोर टॉर्च धरला की बाहुलीच्या मधोमध एक चमकता ठिपका दिसतो. त्या ठिपक्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे एमआरडी. चांगल्या डोळ्यात ते ४ ते ५ मिलिमीटर असतं. तुमच्या मुलाचं १ आहे, म्हणजे पापणी साधारण ३ ते ४ मिलिमीटर खाली आहे आणि बाहुलीचा वरचा भाग झाकते, मध्य मात्र उघडा आहे. शून्य किंवा उणे असतं तर मी आजच या म्हटलं असतं.

दुसरा आकडा स्नायूच्या ताकदीचा. मुलाच्या भुवईवर अंगठा घट्ट दाबून ठेवायचा, म्हणजे कपाळाची मदत मिळत नाही. मग त्याला खाली बघायला लावायचं, मोजपट्टीवर पापणीची कड जिथे आहे तिथे शून्य धरायचा आणि वर बघायला लावायचं. कड किती मिलिमीटर वर गेली, ती लिव्हेटरची ताकद. निरोगी डोळ्यात ती १२ ते १५ किंवा त्याहून जास्त असते, ८ च्या वर असली तरी चांगली मानतो, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा कमी म्हणजे कमजोर. हे सगळं मोठ्या माणसात दोन मिनिटांचं काम. अडीच वर्षांच्या मुलात मात्र माझ्याकडे एक खुळखुळ्याचं माकड आहे, सिस्टर ते जमिनीवरून वर नेते, मुलगा माकडाकडे बघतो तेवढ्या क्षणात मी पट्टी वाचते. तीनदा मोजलं की तीन आकडे येतात. म्हणून या वयातल्या ‘४’ ला मी पेन्सिलने लिहिलेला आकडा समजते. तो ३ ही असेल, ५ ही असेल, आणि ऑपरेशनचा प्रकार त्याच एक-दोन मिलिमीटरवर ठरतो.

प्रकार मुख्यतः दोन. स्नायूत थोडाफार जीव असेल तर पापणीच्या घडीतून छेद घेऊन तोच स्नायू आखूड करून पुन्हा बसवायचा. ताकद ४ पेक्षा बरी असेल तर मला हीच पद्धत आवडते, कारण पापणी आपल्याच स्नायूने उचलली जाते आणि घडीही छान पडते. स्नायू अगदीच कमजोर असेल तर तो आखूड करून उपयोग नसतो. मग पापणी एका पट्टीने कपाळाच्या स्नायूला टांगायची, याला स्लिंग म्हणतात. मूल भुवई उचलतं, झोळीच्या दोरीसारखी ती पट्टी ओढली जाते आणि पापणी वर येते. पट्टी दोन तऱ्हेची. सिलिकॉनची बारीक दोरी तयार मिळते, तान्ह्या बाळातही घालता येते, वर-खाली करता येते, गरज पडली तर काढताही येते. पण काही वर्षांनी सैल पडून पापणी पुन्हा उतरू शकते. दुसरी मुलाच्या स्वतःच्या मांडीची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला कातडीखाली एक मजबूत पांढरा पडदा असतो, त्यातली अरुंद पट्टी काढून वापरायची. ती अंगाचीच असल्याने जास्त टिकते. टोरांटोच्या क्रॉफर्ड यांनी १९५६ मध्ये ही पद्धत मुलांसाठी नीट मांडली, आणि आजही आम्ही बरंचसं त्याच वाटेने जातो. पण त्यासाठी मांडी पुरेशी लांब हवी, म्हणजे मूल निदान तीन-चार वर्षांचं हवं. आता लक्षात येईल, की ‘आत्ता’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यात सिलिकॉन असू शकतं आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्यांच्या डोक्यात मांडीची पट्टी. दोघांना हे विचारायला संकोच करू नका.

एक गोष्ट आमच्यातही वादाची आहे. एकाच डोळ्याला स्लिंग घातली तर मुलाने ती भुवई उचलायला हवी. तो डोळा आळशी असेल तर मूल भुवई उचलतच नाही आणि दोरी नुसती लोंबते. काही सर्जन म्हणून दोन्ही पापण्यांना स्लिंग घालतात, म्हणजे दोन्ही सारख्या हलतात. मी निरोगी पापणीला हात लावत नाही. एका बाजूचाच प्रश्न असेल आणि ताकद ४ च्या आसपास असेल, तर मी आधी स्नायू भरपूर आखूड करून बघते. यात माझ्यापेक्षा वेगळं मत असलेले चांगले सर्जन आहेत. तुमचे सर्जन काय आणि का करणार, ते त्यांच्या तोंडून ऐका.

आता दूध पिण्याबद्दल एक प्रश्न. अंगावर पिताना किंवा बाटली ओढताना त्याची पडलेली पापणी मध्येच उडायची का? एका आजींनी मला सांगितलं होतं, ‘दूध पिताना डोळा मारतो बघा हा.’ त्यांनी निदानच केलं होतं. जबड्याच्या स्नायूची नस चुकून पापणीच्या स्नायूला जोडली गेलेली असते, म्हणून चघळताना पापणी वर-खाली होते. लंडनचे मार्कस गन यांनी १८८३ मध्ये हे पहिल्यांदा नोंदवलं. मुलाला पोळीचा तुकडा द्या आणि चावताना डोळ्याकडे बघा. उडत असेल तर मोबाइलवर शूट करून डॉक्टरांना दाखवा, कारण जोरात उडणाऱ्या पापणीचं ऑपरेशनच वेगळं असतं.

भुलीची भीती मी समजू शकते. दोन-चार वर्षांच्या मुलाचं हे ऑपरेशन पूर्ण भूल देऊनच करावं लागतं. एका डोळ्याला तासभर धरा. भूलतज्ज्ञ आधी मुलाला तपासतात, रक्त बघतात, सर्दी-खोकला-ताप असेल तर तारीख पुढे ढकलतात. अशा वेळी ‘एवढ्या लांबून आलोय, करूनच टाका’ असा आग्रह धरू नका. उपाशी ठेवण्याचं वेळापत्रक तंतोतंत पाळा. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ते अंतिम. आजोबा मायेने गुपचूप बिस्किट देतात आणि घरचे ते सांगत नाहीत, याची मला भुलीपेक्षा जास्त भीती वाटते. पोटात अन्न असेल तर ते भुलीत फुप्फुसात जाऊ शकतं. दिलं असेल तर सांगा, कुणी रागावणार नाही. लहान मुलांची सवय असलेले भूलतज्ज्ञ आहेत का, हा प्रश्न सर्जनबद्दलच्या प्रश्नाइतकाच मोकळेपणाने विचारा.

ऑपरेशननंतर काय दिसेल ते आधीच सांगून ठेवते, कारण खरी गडबड इथे होते. समोर बघताना दोन्ही डोळे बऱ्यापैकी सारखे दिसतात. खाली बघताना ऑपरेशनची पापणी थोडी वरच अडकल्यासारखी राहते. आणि झोपेत तो डोळा पूर्ण मिटत नाही, फटीतून पांढरं दिसतं. पहिल्या रात्री हे बघून घाबरलेल्या आयांचे मला फोन येतात. ती फट बरीचशी महिन्यांनी कमी होते, थोडी कायमही राहते. नादुरुस्त स्नायू नीट आखडतही नाही आणि नीट सैलही होत नाही; आम्ही पापणी उंच करतो, स्नायू नवा करत नाही. झोपेत आपला डोळा वरच्या बाजूला फिरतो, तो नैसर्गिक बचाव असतो, आणि तो तुमच्या मुलात आहे का हे ऑपरेशनआधी तपासलंच पाहिजे.

म्हणून रात्रीचं मलम. दिवसा थेंब, झोपताना डोळ्यात मलमाची पातळ रेघ, दुपारच्या झोपेलाही. हे कंटाळवाणं काम महिनोन्‌महिने चालतं. ट्यूब संपली, गावात मिळाली नाही, म्हणून चार दिवस राहिलं, आणि बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम घेऊन आलेलं मूल मी पाहिलं आहे. घरात दोन ट्यूब जास्तीच्या ठेवा. तुमच्याकडची जानेवारीतली थंडी कोरडी असते, तेव्हा आणि पंख्याच्या थेट वाऱ्यात जास्त जपा. मोटारसायकलवर त्याला पुढे उभं करून नेऊ नका. द्राक्षबागेत फवारणी किंवा गंधकाची धुरळणी चालू असेल तेव्हा त्याला घरीच ठेवा. डोळा लाल झाला, पाणी वाहायला लागलं, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी दाखवा.

मोठ्या माणसाला टेबलावर उठवून बसवतो आणि ‘समोर बघा’ म्हणून उंची जुळवतो. भुलीतल्या मुलात ते करता येत नाही, स्नायूच्या ताकदीवरून अंदाज बांधून पापणी ठेवावी लागते. त्यामुळे काही मुलांत ती थोडी कमी किंवा जास्त उचलली जाते आणि पुन्हा दुरुस्ती करावी लागते. हे आधी सांगणाऱ्या सर्जनवर विश्वास ठेवा. आणि चष्मा व पट्टी ऑपरेशननंतर संपत नाही. पापणीचा दाब बदलला की नंबरही बदलतो, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा.

हे सगळं जन्मापासून पडलेल्या पापणीचं झालं. नंतर पडलेली पापणी हा पूर्ण वेगळा आजार आहे. सकाळी बरी आणि संध्याकाळी थकून खाली येणारी, बाहुली लहान-मोठी झालेली, डोळा फिरत नसलेला, एकाचे दोन दिसणारं मूल असेल तर ऑपरेशनचा विषय बाजूला ठेवून लगेच तपासण्या करायच्या. आणि वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: रात्री जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलं आणि दोन्ही पापण्या जड होऊन खाली येत असतील, तर तो मण्यारीचा दंश असू शकतो. मण्यारीच्या दाताची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच, जिथे सापाच्या विषावरची लस आणि व्हेंटिलेटर आहे अशा सरकारी रुग्णालयात तडक न्या.

तर तुमच्या मुलासाठी माझं मत असं. बाहुलीचा मध्य उघडा आहे, त्यामुळे या आठवड्यातच ऑपरेशन करायची गरज मला कागदावरून दिसत नाही. पण नजरेची तपासणी याच महिन्यात व्हायला हवी. नंबर असेल तर चष्मा आत्ताच, डोळा आळशी पडत असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी, आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. नजर सुधारत राहिली तर चार वर्षांच्या आसपास, शाळा सुरू होण्याआधी, नीट मापं घेऊन ऑपरेशन करावं. चष्मा-पट्टी करूनही नजर मागे पडत असेल किंवा पापणीमुळे ती वाढतच नसेल, तर वयाकडे न बघता आधी उचलावी. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या खिडकीवर विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. तो खेळात रमलेला असताना तळहाताने त्याचा डावा, चांगला डोळा अलगद झाका. मग थोड्या वेळाने उजवा. डावा झाकल्यावर तो हात झटकतो, रडतो, आणि उजवा झाकल्यावर त्याला काहीच वाटत नाही, असं असेल तर महिनाभरही थांबू नका.

तपासणीला जाताना बारशाचे, जावळाचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, म्हणजे पापणी पहिल्यापासून एवढीच होती का ते कळतं. नंबर नीट मिळावा म्हणून डॉक्टर बहुधा तीन दिवस अ‍ॅट्रोपिनचं मलम घरी घालायला देतील. ज्वारीच्या दाण्याएवढंच घाला, लावल्यावर तुमचे आणि त्याचे हात धुवा, ट्यूब त्याच्या हाती लागू देऊ नका. चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं किंवा तो फार चिडचिड करायला लागला तर मलम थांबवून फोन करा. बाहुल्या मोठ्या होतील, जवळचं पुसट दिसेल आणि आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही, उन्हाने डोळे दिपतील, म्हणून येताना त्याची टोपी आणा.